वाचकांचे प्रश्न : प्रोग्रॅममध्ये शिरल्यावर मराठी कुठे मोडते?

या अंकासाठी आलेल्या प्रश्नांपैकी फक्त मराठी मजकुराशी संबंधित प्रश्न आम्ही निवडले आहेत. उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: दुरुस्तीला हात घालण्याआधी साठवलेले बाइट, म्हणजे मजकूर डिस्कवर ज्या आकड्यांत असतो ते, उघडून पाहा. पडद्यावर दिसतं तेच डिस्कवर असेल असं नाही, आणि अंदाजाने केलेली दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा महागात पडते. कमांड, बाइट आणि कोडमधली नावं इथे देवनागरीत छापली आहेत; टाइप करताना ती रोमनमध्ये करा.

प्रश्न (नाशिक): गृहनिर्माण सोसायटीच्या हिशेबाच्या वेबसाइटवरून सभासदांची यादी सीएसव्ही म्हणून उतरवली, तर नोटपॅडमध्ये नीट दिसते. एक्सेलमध्ये मात्र नावांच्या जागी चित्रविचित्र रोमन चिन्हं येतात. फाइल बिघडली आहे का?

उत्तर: फाइल ठणठणीत आहे, एक्सेल ती चुकीच्या पद्धतीने वाचतंय. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि त्यातले पहिले दोन बाइट ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ असतात. विंडोजवरच्या एक्सेलला फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण सापडली नाही, तर ते संगणकाचं जुनं कोडपेज, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर हे सांगणारा तक्ता, धरतं. आपल्याकडे ते बहुधा विंडोज-१२५२ असतं, आणि त्यात प्रत्येक बाइट म्हणजे एक स्वतंत्र अक्षर. ई० म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, आणि ए४ म्हणजे चार कोपऱ्यांना शेपट्या असलेलं छोटं वर्तुळ. ही जोडी ओळभर पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मजकूर शाबूत आहे असं समजा.

उपाय: फाइल लिहिताना अगदी सुरुवातीला ‘ईएफ बीबी बीएफ’ हे तीन बाइट टाका. पायथॉनमध्ये एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की ते आपोआप पडतात. पीएचपीत पहिली ओळ लिहिण्याआधी ते स्वतः लिहावे लागतात. पण ही खूण फक्त एक्सेलसाठीच्या फाइलला लावा. तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमला दिली, तर खूण पहिल्या कॉलमच्या शीर्षकाला चिकटते आणि ‘नाव’ हा कॉलम सापडत नाही अशी एरर येते. शीर्षक डोळ्यांना अगदी बरोबर दिसतं, त्यामुळे कारण सापडायला फार वेळ जातो.

ज्यांच्याकडे आधीच्या फाइली गेल्या आहेत त्यांना सांगा की डबलक्लिक करू नका. एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ घ्या. बिघडलेली दिसणारी फाइल तशीच सेव्ह करू नये, कारण मग तो बिघाड खरोखरच फाइलमध्ये उतरतो. एक्सेलमधून परत सीएसव्ही काढतानाही ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडावा. साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत मराठी होत नाहीत.

प्रश्न (कोल्हापूर): मायएसक्यूएलमधल्या जुन्या टेबलात काही नावं प्रश्नचिन्हं म्हणून दिसतात, काही रोमन कचऱ्यासारखी, आणि काही व्यवस्थित. टेबल यूटीएफ८एमबी४ मध्ये बदलून टाकलं तर सगळं सरळ होईल का?

उत्तर: नाही. घाईने बदल केला तर आज वाचवता येणाऱ्या ओळीही जातील. आधी टेबलची प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. मग प्रत्येक प्रकारची एकेक ओळ घेऊन तिच्यावर साठवलेले बाइट दाखवणारं ‘हेक्स’ फंक्शन चालवा. उत्तर तीनपैकी एक येईल.

‘३एफ ३एफ ३एफ’ आलं, तर ती खरोखरची प्रश्नचिन्हं आहेत. देवनागरी ज्यात बसत नाही अशा कॅरेक्टर-सेटमध्ये मजकूर ढकलला गेला आणि सर्व्हरने प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिलं. ‘महाराष्ट्र’ची दहा प्रश्नचिन्हं होतात, आणि त्यांतून मूळ शब्द परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही. जुना बॅकअप, कागदी अर्ज, पाठवलेले ईमेल, जिथे मूळ असेल तिथूनच तो आणावा लागतो. हे ग्राहकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

‘ई० ए४ एई’ असं काही आलं, पण कॉलमचा कॅरेक्टर-सेट लॅटिन-१ असेल, तर बाइट बरोबर आहेत, त्यांच्यावरची पाटी चुकीची आहे. इथे ‘कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट’ चालवू नका. सर्व्हर त्या बाइटांना खरी लॅटिन अक्षरं समजेल आणि पुन्हा एकदा यूटीएफ करेल. कॉलम आधी ‘व्हारबायनरी’ करा, म्हणजे पाटी निघून जाईल. मग ‘व्हारकार’ आणि यूटीएफ८एमबी४ करा, म्हणजे बाइट न हलता बरोबर पाटी लागेल.

‘सी३ ए० सी२ ए४ सी२ एई’ आलं, तर मजकूर दोनदा एन्कोड झाला आहे. ‘म’चे तीन बाइट तीन लॅटिन अक्षरं मानली गेली आणि प्रत्येकाचं वेगळं यूटीएफ-८ झालं. सोडवायचं ते उलट क्रमाने: कॉलम ‘कन्व्हर्ट’ने लॅटिन-१ मध्ये न्या, त्यावर ‘कास्ट’ करून बायनरी करा, आणि त्यावर पुन्हा ‘कन्व्हर्ट’ यूटीएफ८एमबी४ मध्ये. तिन्ही पायऱ्या एकाच अपडेट क्वेरीत एकात एक बसतात. मात्र ‘व्हेअर’मध्ये ‘हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ असलेल्याच ओळी’ ही अट हवीच. ती विसरलात, तर व्यवस्थित असलेलं मराठीही लॅटिन-१ मध्ये ढकललं जाईल आणि त्याची प्रश्नचिन्हं होतील. दुरुस्तीच्या नावाखाली असा चांगला डेटा गेलेली टेबलं आमच्यापर्यंत येतात, म्हणून हे इतकं आग्रहाने सांगतो आहोत.

हेच काम पायथॉनमध्ये विंडोज-१२५२ वापरून करायला गेलात तर स्क्रिप्ट मधेच थांबेल. त्या कोडपेजमध्ये ८१ आणि ८डी हे बाइट रिकामे आहेत, आणि नेमका उकार ‘ई० ए५ ८१’ असा, तर पाय मोडण्याची खूण ‘ई० ए५ ८डी’ अशी साठते. म्हणजे जोडाक्षर आलं की एरर. मायएसक्यूएलचं लॅटिन-१ हे रिकामे बाइटही जसेच्या तसे पुढे नेतं, म्हणून ही दुरुस्ती डेटाबेसच्या आत करणं बरं. पायथॉनमध्येच करायची असेल तर एफटीएफवाय ही लायब्ररी या जागा सांभाळते.

जुना मजकूर सरळ झाल्यावर गळती कुठून होती ते शोधा. ‘शो व्हेरिएबल्स’ने ‘कॅरेक्टर_सेट’पासून सुरू होणाऱ्या किमती पाहा, क्लायंट, कनेक्शन आणि रिझल्ट्स या तिन्ही यूटीएफ८एमबी४ हव्यात. तुमच्या प्रोग्रॅमने जोडणी करताना कॅरेक्टर-सेट सांगितलाच नसेल, तर टेबल कितीही सुधारा, उद्या पुन्हा तेच. पीएचपीच्या मायएसक्यूएलआय मध्ये जोडणी झाल्याबरोबर ‘सेट_कॅरसेट’ बोलवा. पीडीओमध्ये जोडणीच्या ओळीतच ‘कॅरसेट’ लिहा.

प्रश्न (अकोला): आमच्या टेबलाचा कॅरेक्टर-सेट यूटीएफ८ आहे, मराठी नीट साठतं. तरी काही निरोप मधूनच तुटलेले आहेत. का?

उत्तर: तुटलेल्या जागी इमोजी होता का ते पाहा. मायएसक्यूएलमध्ये ज्याला नुसतं ‘यूटीएफ८’ म्हणत आले ते चिन्हामागे जास्तीत जास्त तीन बाइट साठवतं. देवनागरीला तीन पुरतात, म्हणून त्रुटी वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. इमोजीला चार लागतात. सर्व्हर कडक मोडमध्ये असेल तर १३६६ क्रमांकाची एरर येते, नसेल तर इमोजीपासून पुढचा मजकूर गुपचूप कापला जातो. यूटीएफ८एमबी४ ही सोय ५.५.३ या आवृत्तीपासून आहे आणि ८.० मध्ये ती मूळ निवड झाली. बदल करताना ‘की फार लांब आहे’ अशी एरर आली, तर जुन्या रचनेत इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट होती हे आठवा: २५५ चिन्हं गुणिले चार म्हणजे १०२०. टेबलाचा ‘रो फॉरमॅट’ डायनॅमिक केला की मर्यादा ३०७२ होते (५.६ आणि त्याआधीच्या आवृत्तीत मोठ्या प्रीफिक्सची सेटिंग वेगळी चालू करावी लागते). ते शक्य नसेल तर त्या कॉलमचा इंडेक्स १९१ चिन्हांवर आणा.

प्रश्न (पुणे): पायथॉनची स्क्रिप्ट लिनक्सवर चालते. विंडोजवर मराठी फाइल वाचताना ‘चारमॅप कोडेक ८डी हा बाइट डीकोड करू शकत नाही’ म्हणते.

उत्तर: वर सांगितलेला ८डी तो हाच. फाइलमधल्या पहिल्या जोडाक्षरापाशी स्क्रिप्ट अडखळली आहे. एररमध्ये ८१ दिसला असता तर पहिल्या उकारापाशी. ‘ओपन’ला एन्कोडिंग दिलं नाही की विंडोजवर पायथॉन संगणकाचं कोडपेज धरतं, लिनक्सवर यूटीएफ-८. प्रत्येक ‘ओपन’मध्ये ‘एन्कोडिंग’ला यूटीएफ-८ द्या, वाचताना आणि लिहितानाही. कोड दुसऱ्याचा असेल आणि हात लावता येत नसेल, तर ‘पायथॉनयूटीएफ८’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून चालवा. एरर टाळण्यासाठी ‘एरर्स’ला ‘इग्नोर’ देण्याचा सल्ला कुणी दिला तर तो घेऊ नका. त्याने न वाचता आलेले बाइट गळतात, उरलेले चुकीचेच वाचले जातात, आणि एरर नसल्यामुळे हे कुणाला कळतही नाही.

प्रश्न (पणजी): एपीआयच्या उत्तरात मराठीऐवजी बॅकस्लॅश, यू आणि चार आकडे असे गठ्ठे येतात.

उत्तर: काही बिघडलेलं नाही. जेसनमध्ये, म्हणजे एपीआय ज्या साच्यात उत्तर पाठवतो त्यात, ‘म’ हा त्याच्या युनिकोड क्रमांकाने ‘बॅकस्लॅश यू ०९२ई’ असा लिहिणं नियमाला धरून आहे आणि वाचणारा प्रोग्रॅम त्याचं पुन्हा ‘म’ करतो. लॉग डोळ्यांनी वाचायचे असतील तर पायथॉनमध्ये ‘एन्शुअर_आस्की’ला ‘फॉल्स’ द्या, पीएचपीत ‘जेसन_अनएस्केप्ड_युनिकोड’.

प्रश्न (सातारा): मतदारयादीसारख्या मोठ्या यादीत नाव शोधायची सोय केली आहे. ‘कऱ्हाडकर’ टाकलं की निम्मेच कऱ्हाडकर सापडतात, बाकीचे डोळ्यांसमोर असून सापडत नाहीत.

उत्तर: दिसायला एक आणि साठवणीत दोन, असे बरेच शब्द मराठीत आहेत, आणि ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ हे त्यातले सगळ्यांत त्रासदायक. हा आडवा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कीबोर्ड ‘ऱ’ म्हणजे युनिकोडमधला यू+०९३१ आणि पुढे पाय मोडण्याची खूण देतात. काही कीबोर्ड साधा ‘र’ म्हणजे यू+०९३०, पाय मोडण्याची खूण आणि त्यापुढे न दिसणारा जोडक यू+२००डी देतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, यात मदत करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी हे दोन क्रम समान नाहीत.

अशा यादीसाठी मूळ नावाच्या शेजारी आणखी एक कॉलम ठेवावा, फक्त शोधासाठी. मूळ नाव माणसाने लिहिलं तसंच राहू द्या. शोध-कॉलम एका फंक्शनमधून तयार होईल, आणि शोधपेटीत टाकलेला शब्दही त्याच फंक्शनमधून जाईल. फंक्शनमध्ये काय काय हवं, तर पहिल्यांदा एनएफसी. त्याने ‘र’ला नुक्ता लावून केलेला ‘ऱ’ सरळ होतो. मग ‘र, पाय मोडण्याची खूण, जोडक’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, पाय मोडण्याची खूण’. त्यानंतरच उरलेले जोडक आणि यू+२००सी, यू+२००बी ही न दिसणारी चिन्हं काढून टाका. हा क्रम उलटा केलात, म्हणजे जोडक आधीच काढलात, तर साधा ‘र्य’ उरतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो: डोंगरातल्या दरीचा समुद्र.

पुढे ‘ॲ’. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीचा मजकूर ‘अ’वर वेगळा अर्धचंद्र देऊन किंवा हिंदीतलं ‘ऍ’ वापरून लिहिलेला सापडतो. तिन्ही रूपं यू+०९७२ वर आणा. ‘आ’वर अर्धचंद्र दिलेला असेल तर त्याचा ‘ऑ’ करा.

मग अनुस्वार. ‘सावंत’ आणि ‘सावन्त’, ‘पांडुरंग’ आणि ‘पाण्डुरंग’ एकत्र यायला हवेत. अनुनासिकाचा पाय मोडलेला असून पुढे त्याच वर्गातलं व्यंजन असेल तर तिथे अनुस्वार धरा. पण वर्गातली पहिली चारच व्यंजनं घ्या. पाचवं घेतलंत तर ‘अन्न’चा ‘अंन’ होईल. ‘जन्म’ आणि ‘पुण्य’ या नियमात सापडत नाहीत, म्हणून ते सुरक्षित राहतात.

‘सुनील’ आणि ‘सुनिल’, ‘दीपक’ आणि ‘दिपक’ यांसाठी ऱ्हस्व-दीर्घ एक करणारा आणखी सैल असा दुसरा कॉलम करावा आणि त्याचे निकाल यादीत खाली दाखवावेत. दोन्ही एकाच कॉलमात मिसळले तर नको ती नावं वर येतात. आणि ‘कऱ्हाड’ व ‘कराड’ ही एकाच गावाची दोन रूपं कोणत्याही नियमाने जुळणार नाहीत. गावांसाठी पर्यायी नावांचं छोटं टेबल हाताने भरावं लागतं, त्याला इलाज नाही.

प्रश्न (बंगळुरू): मराठी मजकुरातले शब्द मोजायला पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ वापरला. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे झाले!

उत्तर: पायथॉनच्या ‘आरई’ मॉड्यूलच्या मते ‘डब्ल्यू’मध्ये अक्षरं आणि आकडे येतात. काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण ही युनिकोडमध्ये अक्षरं नसून ‘मार्क’ या गटात आहेत, म्हणून प्रत्येक काना शब्द तोडतो. ‘रेजेक्स’ हे वेगळं मॉड्यूल बसवा. त्याचा ‘डब्ल्यू’ मार्क धरून चालतो. ते नको असेल तर यू+०९०० ते यू+०९६३, आकड्यांसाठी यू+०९६६ ते यू+०९६एफ, पुढे यू+०९७१ ते यू+०९७एफ, आणि यू+२००सी, यू+२००डी ही दोन अदृश्य चिन्हं असा संच स्वतः लिहा. मधले ०९६४ आणि ०९६५ म्हणजे दंड आहेत, ते शब्दात धरायचे नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये ‘डब्ल्यू’ला देवनागरी अजिबात दिसत नाही, तिथे ‘यू’ हा फ्लॅग लावून ‘पी’च्या महिरपी कंसात एल आणि एम हे दोन गट घ्या. शब्दाची सीमा दाखवणारा ‘बी’ही दोन्हीकडे असाच फसतो.

प्रश्न (सोलापूर): ‘महाराष्ट्र’ची लांबी कुणी १० सांगतं, कुणी ३०, कुणी ६, कुणी ४. खरी कोणती?

उत्तर: चारही खऱ्या, मोजमाप वेगळं. युनिकोडची चिन्हं १०: म, ह, काना, र, काना, ष, पाय, ट, पाय, र. यूटीएफ-८ चे बाइट ३०. आपण वाचतो ती अक्षरं ४. युनिकोडच्या जुन्या नियमाने पाय मोडल्यावर अक्षर संपायचं, म्हणून ‘ष्ट्र’चे तीन तुकडे होऊन ६ यायचे. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला. म्हणून मजकुराची अक्षरं वेगळी करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या ‘इंटल सेगमेंटर’चं उत्तर ब्राउझर किती नवा त्यावर अवलंबून असतं.

व्यवहारात हे तीन ठिकाणी नडतं. मायएसक्यूएलचा ‘व्हारकार २०’ चिन्हं मोजतो, पण ओरॅकलचा ‘व्हारकार२’ मुळात बाइट मोजतो, तिथे २० मध्ये मराठीची सहाच चिन्हं मावतात. कॉलम करताना आकड्यापुढे ‘कार’ लिहा. दुसरं, ‘पुढे वाचा’साठी मजकूर कापताना पायावर किंवा कान्यावर सुरी चालते, कापण्याची जागा सेगमेंटरने ठरवा, किंवा सरळ मागच्या मोकळ्या जागेपर्यंत मागे या. तिसरं, एसएमएस. रोमन संदेशात १६० चिन्हं बसतात, पण एकही देवनागरी चिन्ह आलं की अख्खा संदेश ७० चा होतो, आणि लांब संदेशाचा प्रत्येक तुकडा ६७ चा. ‘महाराष्ट्र’ त्यातले दहा खातो. खर्चाचा अंदाज देताना अक्षरं मोजू नका, चिन्हं मोजा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): अँड्रॉइड ॲप काही मोजक्याच फोनवर सर्व्हरकडे चुकीची जागा पाठवतं. बाकी सगळीकडे बरोबर.

उत्तर: त्या फोनांची भाषा मराठी आहे का पाहा. ‘स्ट्रिंग.फॉरमॅट’ला लोकॅल, म्हणजे कोणत्या भाषेच्या रीतीने लिहायचं ते, दिला नाही तर तो फोनची भाषा धरतो, आणि मराठीत आकडे देवनागरी असतात. पुण्याचा अक्षांश ‘१८.५२’ असा देवनागरीत जातो आणि सर्व्हरला तो आकडा वाटतच नाही. यंत्राने वाचायच्या प्रत्येक ठिकाणी, म्हणजे यूआरएल, जेसन, क्वेरी, फाइलचं नाव, ‘लोकॅल.रूट’ द्या. माणसाला दाखवायच्या ठिकाणी मात्र मराठी आकडे जरूर ठेवा.

उलट बाजूही तपासा. फॉर्ममध्ये कुणी मोबाइल क्रमांक मराठी आकड्यांत भरला, तर जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ तो नाकारतं, पण पायथॉनचं ‘इंट’ स्वीकारतं, आणि पायथॉनची ‘बॅकस्लॅश डी’ची तपासणीही पास होते. मग एकच क्रमांक डेटाबेसमध्ये दोन लिप्यांत साठतो आणि दोन वेगळी खाती होतात. चूक वापरणाऱ्याची नाही, त्याला अडवू नका. यू+०९६६ ते यू+०९६एफ या चिन्हांमधून ०९६६ वजा केलं की ० ते ९ मिळतात. हे रूपांतर फॉर्म येताक्षणी, तपासणीच्या आधी करा.

प्रश्न (ठाणे): पावतीची पीडीएफ बनवतो. फाँट मराठी दिला आहे, तरी ‘शिक्षक’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘श’च्या नंतर येते आणि ‘क्ष’चे दोन तुकडे पडतात.

उत्तर: साठवणीत वेलांटी ‘श’नंतरच असते. ती डावीकडे नेणं, ‘क’, पाय आणि ‘ष’ यांचा ‘क्ष’ करणं, रफार पुढच्या अक्षरावर चढवणं हे काम शेपिंग इंजिनाचं, आणि बऱ्याच पीडीएफ लायब्ररींमध्ये ते नसतं. फाँट बदलून उपयोग नाही. सगळ्यांत कमी त्रासाचा मार्ग म्हणजे पावतीचं एचटीएमएल बनवून ते खिडकी न उघडता चालणाऱ्या क्रोमियमकडून पीडीएफमध्ये छापून घेणं. पायथॉनमध्ये वीझीप्रिंटही हे नीट करतं. एफपीडीएफ२ वापरत असाल तर त्यात ‘सेट_टेक्स्ट_शेपिंग’ चालू करावं लागतं. सर्व्हरवर अक्षरांच्या जागी चौकोन आले, तर तो शेपिंगचा प्रश्न नसून तिथे देवनागरी फाँटच नाही. डॉकरच्या लहान इमेजमध्ये तो नसतो, बिल्डच्या फाइलमध्येच बसवून घ्या. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत असतील तर पानाला ‘लँग’ म्हणून ‘एमआर’ द्या आणि मराठी वळणं असलेला फाँट वापरा.

प्रश्न (सांगली): नावांची यादी लावली की ‘काळे’ हे ‘कावळे’च्या आधी येतात.

उत्तर: यादी युनिकोडच्या क्रमांकानुसार लागली आहे. तिथे ‘ळ’ हा ०९३३ आणि ‘व’ ०९३५. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्याही नंतर. जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल कोलेटर’ला ‘एमआर’ द्या, पोस्टग्रेसमध्ये ‘एमआर-एक्स-आयसीयू’ हे कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचे नियम. मायएसक्यूएलमध्ये मराठीचं कोलेशन नाही. आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीकडून क्रमाची की काढून वेगळ्या बायनरी कॉलमात ठेवा आणि त्यावर यादी लावा. कोड लिहिण्याआधी ‘क्षीरसागर’ कुठे हवेत ते मात्र ग्राहकाला विचारा. वर्णमालेच्या तक्त्यात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी असतात, तर अनेक शब्दकोशांत ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात. दोन्ही पद्धती रूढ आहेत.

प्रश्न (जळगाव): कृतिदेवमधल्या जुन्या वर्ड फाइली युनिकोडमध्ये आणायच्या आहेत. ऑनलाइन कन्व्हर्टर मधल्या इंग्रजी शब्दांचा चुथडा करतो.

उत्तर: कारण कन्व्हर्टरला तुम्ही नुसता मजकूर देता. कृतिदेवमध्ये ‘महारा’ हे खरं तर रोमन ‘ई जी के जे के’ असं साठलेलं असतं. ते मराठी दिसतं ते निव्वळ फाँटमुळे. मजकूर कॉपी केला की फाँटची माहिती जाते आणि खरा इंग्रजी शब्द कोणता ते ओळखायला काही उरत नाही. म्हणून डॉक्स फाइल थेट वाचा. ती झिप असते. आतल्या एक्सएमएलमध्ये प्रत्येक तुकड्यापाशी फाँटचं नाव असतं, किंवा तो परिच्छेदाच्या स्टाइलमधून आलेला असतो. ज्या तुकड्याचा फाँट कृतिदेव आहे तेवढाच बदला. प्रत्येक जुन्या फाँटचा तक्ता निराळा असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

बदलताना तक्त्यातले लांब गट आधी घ्या, एकेरी अक्षरं शेवटी. मग पहिली वेलांटी अख्ख्या जोडाक्षरानंतर न्या आणि रफार जोडाक्षराच्या आधी आणा, कारण जुन्या फाँटात दोन्ही दिसतील तशी टाइप केलेली असतात. शेवटी दोन गोष्टी शोधून काढा: शब्दाच्या सुरुवातीलाच आलेली मात्रा, आणि एकापुढे एक आलेल्या दोन मात्रा. मराठीत असं होत नाही, त्यामुळे तक्त्यात जे सुटलं ते बहुतेक इथेच सापडतं. तेवढ्या ओळी माणसाकडून मूळ छापील प्रतीशी ताडून घ्या.